पासष्ट हजार फेरे

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिला माघारी आगपेटी म्हणत. समोर बाई म्हणत, तेही जरा लांब उभं राहून. तारीख नसलेला कागद टेबलावर आला की ती तो मेलेल्या झुरळासारखा दोन बोटांत उचलायची आणि आणणाऱ्याच्या हातात परत ठेवायची. एकदा असा कागद खुद्द मोठ्या साहेबांकडून आला. शिपाई दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, साहेबांचाय."

"मग साहेबांना तर तारीख माहीतच असणार. घालून आण."

वय छप्पन्न, अंगाने काटकुळी, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला. लग्न केलं नाही. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. त्याला तिने वाढवला, म्हणजे अभ्यासाला बसवला, रट्टे दिले, दहावीला दोनदा बसवला आणि तिसऱ्यांदा तो फॉर्म बघूनच रडायला लागला तेव्हा सोडून दिला. पुढे तो तिच्याच कचेरीत चावीवाला म्हणून लागला. रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडायचं, पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खाली सोडायची आणि जमिनीतल्या नळाचा व्हॉल्व्ह फिरवायचा, हे चावीवाल्याचं काम. कुणाच्या घरी पाणी कधी येणार आणि कधी जाणार, ते त्याच्या दंडावर. भाऊ स्वभावाने गरीब. बावीस वर्षांत त्याच्याविरुद्ध एक तक्रार आली होती, तीही तो फार हळू बोलतो म्हणून.

ती स्वतः नोंदणी विभागात. तीस वर्षांपूर्वी कचेरीत पहिला संगणक आला तेव्हा कुणी त्याला हात लावायला तयार नव्हतं. तिला टायपिंग येत होतं म्हणून तिच्या गळ्यात पडला. शहरातल्या अकरा हजार व्हॉल्व्हांची माहिती पुठ्ठ्याच्या कार्डांवर होती. ती दहा महिने बसून तिने एकेक करून आत घातली. क्रमांक, रस्ता, नळाची जाडी, खोली, बंद करायला किती फेरे लागतात, आणि शेवटी पडद्यावर एक प्रश्न यायचा: उलट? हो असेल तर 'ह' दाबायचा, नसेल तर 'न'.

कारण साधारणपणे व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवला की बंद होतो. पण गावाच्या जुन्या भागात कुणी एके काळी भलत्याच कारखान्याचे व्हॉल्व्ह आणून बसवले होते, ते डावीकडे फिरवले की बंद व्हायचे. वरून बघून ओळखायची सोय नाही, दोन्ही सारखेच काळे नि गंजके. म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाने ती सोय केली होती. तो एक अबोल, सतत नखं खाणारा मनुष्य होता. काम झालं, गेला, पुन्हा कुणाला दिसला नाही. पण त्याचा प्रोग्राम तीस वर्षं चालला. रोज सकाळी ती क्रमांक घालायची, यंत्र करकरत चिठ्ठी छापायचं, आणि व्हॉल्व्ह तसला असेल तर चिठ्ठीच्या तळाशी ठळक अक्षरांत यायचं: उलट. चावीवाला काम करून चिठ्ठीवर सही करायचा, एक प्रत तिच्याकडे परत यायची. या प्रती दर पाच वर्षांनी रद्दीत घालायचा हुकूम होता. तिने तो हुकूम तारखेसकट फायलीला लावला होता आणि प्रती लोखंडी कपाटात.

मग नवं ॲप आलं. एका कंपनीला काम दिलं गेलं की जुन्या संगणकातली सगळी माहिती काढून फोनवर आणा. कंपनीतर्फे एक तरतरीत गृहस्थ आले. गळ्यात टाय असायचा, म्हणून शिपायांनी त्यांचं नाव टायवाला ठेवलं. त्यांनी जुनं यंत्र उघडून आतली डिस्क काढून नेली आणि परत आणून बसवली तेव्हा यंत्र सुरूच होईना. टायवाला म्हणाले, "काही हरकत नाही, फाईल आमच्याकडे सुखरूप आहे. यंत्राचं वय झालं होतं."

"वय माझंही झालंय," ती म्हणाली. "मला उघडून बघू नका म्हणजे झालं."

फाईल होती, पण ती वाचणारा प्रोग्राम मेला होता. त्याचे कागदही कुठे नव्हते. मग कंपनीने फाईल उलगडायला घेतली. नुसती अक्षरांची नि आकड्यांची एक लांबच लांब माळ, तिच्यात क्रमांक कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो हे अंदाजाने ताडायचं. जिने ती माहिती भरली होती तिला कुणी विचारलं नाही. ती त्याच मजल्यावर, वीस पावलांवर बसत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण इथे वळसासुद्धा घातला नाही, बसल्या जागी ठरवलं. दोन महिन्यांत सगळं ॲपवर आलं. साहेबांनी फीत कापली. चिठ्ठ्या बंद झाल्या.

पाचव्या आठवड्यात जुन्या भागातल्या मोठ्या चौकात नळ फुटला. त्या भागाचा चावीवाला आजारी होता, म्हणून टेकडीकडच्या टाकीवरून भावाला पाठवलं. त्याच्या भागात सगळे व्हॉल्व्ह सरळ. त्याने फोनवर क्रमांक घातला. जाडी सोळा इंच, खोली इतकी, फेरे: रिकामी चौकट. त्याने कचेरीत फोन करून विचारलं. पलीकडून उत्तर आलं, "चौकटी कसल्या बघतोस, चौकाचा तलाव झालाय, बंद कर आधी!" त्याने चावी उजवीकडे फिरवली. हलेना. गंजला असेल म्हणून जोडीदाराने आणि त्याने मिळून जोर लावला. खाली खाडकन आवाज झाला आणि चावी हातात हलकी झाली. आतला दांडा तुटला होता, व्हॉल्व्ह उघडाच्या उघडा. नऊ तास पाणी वाहिलं. शेजारच्या दवाखान्याच्या तळघरात छातीपर्यंत चढलं, तिथली तपासणीची यंत्रं बुडाली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं: चावीवाल्याच्या हलगर्जीपणामुळे दवाखाना पाण्यात. त्याच दिवशी भावाला निलंबनाचा कागद मिळाला. तारीख बरोबर घातलेली होती.

ती तो कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. टायवाला तिथेच बसले होते, चहा चालला होता.

"हा व्हॉल्व्ह उलट आहे," ती म्हणाली. "जुन्या चिठ्ठीवर तसं यायचं. तुमच्या ॲपवर का आलं नाही?"

टायवाला सौजन्याने हसले. "मॅडम, आम्ही फाईलचं एकेक अक्षर तपासलंय. तुमच्या फाईलमध्ये असं काही नाहीच."

"नाहीच म्हणजे?"

"म्हणजे उलट-सुलट असा रकानाच नाही. तुमच्याकडून भरलंच गेलं नसेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा महिने या बोटांनी 'ह' आणि 'न' दाबले होते. हिवाळ्यात बोटं वाकत नसत तेव्हाही.

"मी भरलंय."

"मग चिठ्ठीवर हाताने लिहीत असाल, आठवत नसेल," साहेब म्हणाले. "हे बघा बाई, भाऊ आहे तुमचा, मी समजू शकतो. पण बावीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला हाताला कळायला नको? गुरुवारी चौकशी आहे. काय म्हणायचं ते त्यानं तिथं म्हणावं."

"चौकशी कोण करणार?"

"मीच."

"ॲपला मान्यता कुणी दिली?"

साहेबांनी चहाचा कप बशीत ठेवला. "मीच."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं ती दारातून बाहेर पडताना म्हणाली. हळू म्हणाली नाही.

घरी भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता. भावजय म्हणाली, "वन्सं, जेवत नाहीयेत. वर्तमानपत्र फाडून टाकलं मी, तर शेजाऱ्याचं मागून आणून वाचलं."

"उठ," ती भावाला म्हणाली.

"ताई, मीच जोर लावला ना पण. थांबायला पाहिजे होतं."

"तुला कुणी सांगितलं होतं तो उलट आहे?"

"नाही."

"मग जेव. चूक कुणाची ते मी बघते, तू पोळी खा."

चौकशीला पाच दिवस होते. कंपनीने करारानुसार दोन वस्तू कचेरीत जमा केल्या होत्या: मूळ फाईलची प्रत, आणि फाईल कशी उलगडली याचा जाडजूड अहवाल. अहवाल कुणी उघडलेलाही नव्हता, पानं एकमेकांना चिकटलेली होती. शनिवारी सकाळी कचेरी रिकामी असताना तिने तो वाचायला घेतला. शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत एक परिशिष्ट होतं. तीनशे बारा नोंदींमध्ये फेऱ्यांची संख्या पासष्ट हजारांच्या वर आढळली. एवढे फेरे अशक्य असल्याने या नोंदी सदोष समजून रिकाम्या केल्या आहेत. खाली त्या नोंदींच्या क्रमांकांची यादी आणि साहेबांची सही. मान्य.

तीनशे बारा. जुन्या भागातले उलट व्हॉल्व्ह साधारण तितकेच असतील असं तिला वाटलं. पण वाटून काय उपयोग, गुरुवारी वाटण्याला कोण विचारणार होतं.

तिने कपाट उघडलं. चिठ्ठ्यांचे गठ्ठे काढून जमिनीवर मांडले, एका बाजूला सरळ, दुसऱ्या बाजूला उलट. मग संगणकावर मूळ फाईल उघडली, आकड्यांच्या रूपात. शिकलेली होती ती थोडंफार, तीन आठवड्यांचा एक वर्ग आणि तीस वर्षांचा त्रास एवढ्या भांडवलावर. फाईलमधल्या प्रत्येक घरात शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचा आकडा मावतो. त्याहून मोठी संख्या असेल तर शेजारचं घर लागतं, जसे एककाला दहा झाले की दशकाचं घर. फेऱ्यांसाठी दोन घरं राखलेली होती, इतपत कंपनीने बरोबर शोधलं होतं.

सरळ व्हॉल्व्हची एक चिठ्ठी घेतली, फेरे अडतीस. फाईलमध्ये त्या जागी अडतीस आणि शेजारी शून्य. दुसरी घेतली, सव्वीस. तिथे सव्वीस आणि शून्य. चाळीस चिठ्ठ्या तपासल्या, सगळ्या जुळल्या. मग उलट गठ्ठ्यातली पहिली उचलली. चिठ्ठीवर फेरे अडतीस. फाईलमध्ये दोनशे अठरा, आणि शेजारी दोनशे पंचावन्न. दुसरी: चिठ्ठीवर सव्वीस, फाईलमध्ये दोनशे तीस, शेजारी पुन्हा दोनशे पंचावन्न. भावाने तोडलेल्या व्हॉल्व्हच्या जुन्या चिठ्ठीवर एक्कावन्न होते, फाईलमध्ये दोनशे पाच आणि दोनशे पंचावन्न.

ती या आकड्यांकडे बघत बसली. तिला त्या नखंखाऊ माणसाचा भयंकर राग आला. मेल्याने निघताना एक चिठोरं तरी ठेवायचं! चार ओळी लिहिल्या असत्या तर हात झडले असते का? मग कंपनीचा राग आला, साहेबांचा आला, आणि फिरून स्वतःचा, कारण तीस वर्षांत तिनेही कधी विचारलं नव्हतं की बाबा रे, माझा 'ह' तू ठेवतोस कुठे?

रविवारी पुन्हा आली. दुपारपर्यंत एवढं कळलं की चिठ्ठीवरचा आकडा आणि फाईलमधला पहिला आकडा मिळवले की बेरीज दर वेळी दोनशे छप्पन्न येते. अडतीस आणि दोनशे अठरा. सव्वीस आणि दोनशे तीस. दर वेळी. म्हणजे कचरा नव्हता, यात काही रीत होती. पण रीत आहे एवढं म्हणून भागणार नव्हतं. टायवाला म्हणेल योगायोग, आणि साहेब मान डोलवतील.

पाण्याची बाटली भरायला ती मागच्या शेडमध्ये गेली. तिथे मीटर दुरुस्त करणारा म्हातारा मिस्त्री जादा कामावर आला होता. त्याच्यासमोर लोकांच्या घरून उपटून आणलेले मीटर मांडलेले होते.

"रविवारी बाई? घरात भांडायला कुणी उरलं नाही वाटतं?"

"तुम्ही आहात ना, म्हणून आले."

मिस्त्री हसला. हातातला मीटर त्याने तिच्यापुढे धरला. "हा महाभाग बघा. पाणी कमी दिसावं म्हणून पठ्ठ्यानं मीटर उलटा बसवला. नवा कोरा मीटर, शून्यावर होता. आता बघा काय दाखवतोय."

मीटरवर आकडा होता ९९९८३.

"एक लाखाला सतरा कमी," मिस्त्री म्हणाला. "इतकं पाणी अख्खी गल्ली वापरणार नाही. त्याला वाटलं शून्याच्या मागं गेला की मीटर थांबेल. मीटरला कुठं वजा कळतं? तो आपला नव्व्याण्णव हजारांवर जाऊन बसतो. सतरा उलटे फिरलाय, एवढाच अर्थ."

ती बाटली तिथेच विसरून परत आली. नखंखाऊ माणसाने वेगळा रकाना केलाच नव्हता. 'ह' दाबला की तो फेऱ्यांना वजा करून ठेवत होता. अडतीस फेरे डावीकडे म्हणजे वजा अडतीस. आणि यंत्राला वजा कळत नाही, ते शून्यातून मागे जाऊन वरच्या टोकाला बसतं, मीटरसारखंच. दोन घरं मिळून दोनशे छप्पन्न गुणिले दोनशे छप्पन्न, म्हणजे पासष्ट हजार पाचशे छत्तीस; त्याला अडतीस कमी, पासष्ट हजार चारशे अठ्ठ्याण्णव. हाच तो अशक्य आकडा, सदोष म्हणून पुसलेला. छापताना प्रोग्राम वजा बघायचा आणि खाली उलट लिहायचा. तिच्या बोटांनी दाबलेला प्रत्येक 'ह' तिथे होता. तीनशे बारा. तिने उलट गठ्ठ्यातल्या सगळ्या व्हॉल्व्हांचे क्रमांक परिशिष्टाशी ताडून पाहिले. एकही सुटला नव्हता.

गुरुवारी चौकशीत तिने हे सगळं मांडलं. मांडलं म्हणजे टेबलावर आपटलं. टायवाला पुढे झुकून बघायला लागले, मग मागे टेकले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"हो, म्हणजे, ही तर ऋण संख्या ठेवायची नेहमीचीच पद्धत आहे," ते म्हणाले. "कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात."

"मग तुम्ही त्या वर्षी कुठे गेला होतात?"

भाऊ कोपऱ्यात उभा होता, त्याने खाली मान घातली. त्याला हसू आलं होतं की भीती वाटली होती, कोण जाणे.

साहेबांनी घसा साफ केला. "हा तुमचा तर्क झाला बाई. कागदावर आकडे जुळतात, ठीक आहे. जमिनीत खरंच तसं आहे हे कशावरून?"

"चला. यादीतला कुठलाही एक क्रमांक तुम्ही काढा. फिरवून बघू."

साहेबांना नाही म्हणता येईना, कारण दारात चार चावीवाले येऊन उभे होते. साहेबांनी आठ इंची नळाचा एक काढला, जुन्या भागातला, मोटारी धुण्याच्या दुकानासमोरचा. अकराच्या उन्हात सगळी वरात निघाली.

झाकण उघडलं, भोवती दोरी बांधली आणि प्रश्न आला की चावी कोण फिरवणार. निलंबित माणसाला चावीला हात लावता येत नाही. बाकीचे चौघं एकमेकांकडे बघायला लागले.

"मी नाही बाबा," एकजण म्हणाला. "हा तुटला तर पुढचा गुरुवार माझा."

तिने पदर खोचला आणि चावी धरली. तीस वर्षं या कामाच्या चिठ्ठ्या काढल्या, चावी कधी हातात घेतली नव्हती. तिच्यापेक्षा उंच होती आणि थंडगार.

"साहेब, हे नियमात बसत नाही," टायवाला म्हणाले.

"नियम तुम्ही पुसलेत," ती म्हणाली. "तुमच्या चौकटीत काय बसतं ते कळलंय मला."

"ताई," दोरीच्या पलीकडून भाऊ म्हणाला, "जोर लावू नको. नुसती टेकव आधी. खाली बसली का? आता डावीकडे. हळू. तो बोलेल तुला."

"निलंबित माणसानं सूचना द्यायच्या नाहीत," साहेब म्हणाले.

"माणूस निलंबित केलाय साहेब, तोंड नाही," मागून कुणीतरी बोललं.

तिने डावीकडे ढकललं. काही नाही. हा इथे तुटला तर भावाचं आयुष्य तिनेच आपल्या हाताने मोडलं असं होणार होतं. "थांब," भाऊ म्हणाला. "जरा मागं घे. आता परत." खाली काहीतरी कुरकुरलं आणि चावी फिरली. एक. ती मोठ्याने मोजायला लागली. पाचनंतर चावीवालेही मोजायला लागले. बाराव्याला तिचा श्वास फुलला. विसाव्याला तळहाताची सालं निघाली होती. तेविसाव्याला समोरच्या दुकानात मोटार धुणाऱ्याच्या हातातल्या पाइपचं पाणी बारीक झालं. सव्विसाव्याला चावी थांबली, आणि पाइपही.

"कोण रे तो शहाणा पाणी तोडणारा?" दुकानातून ओरडणं आलं. "साबण लावून ठेवलाय मी इथं!"

जुन्या चिठ्ठीवर सव्वीसच होते. तिने ती चिठ्ठी सालटं गेलेल्या हाताने साहेबांपुढे धरली. साहेबांनी वाचली आणि घड्याळ पाहिलं.

त्या दुपारी साहेबांनी भावाला एकट्याला बोलावून एक मसुदा दिला. तांत्रिक त्रुटी आणि मानवी असावधपणा यांच्या संयोगाने दुर्घटना घडली. सदर कर्मचारी आपल्या असावधपणाबद्दल दिलगिरी व्यक्त करीत आहे. खाली सही केली की निलंबन रद्द, सोमवारपासून कामावर. कंपनीचं नाव कुठे नव्हतं. परिशिष्टाचं नव्हतं, त्याच्यावरच्या सहीचंही नव्हतं.

घरी तो कागद मधे ठेवून तिघं बसली.

"करून टाका सही," भावजय म्हणाली. "वन्सं, रागावू नका, पण तत्त्व काही चुलीवर शिजत नाही. हे माणूस आठ दिवसांत अर्धं झालंय."

"आणि कागदावर काय राहणार? यानं तोडला!"

"मी तोडलाच की, ताई."

"पुन्हा तेच! अरे, तुला माझ्या पोटी... माझ्या हाताखाली वाढून पाठीचा कणा कसा आला नाही? खोटी नोंद आहे ही! एकदा लिहिली की हीच खरी. उद्या मी मेले की चिठ्ठ्या रद्दीत जातील, आणि हा कागद राहील."

"ओरडू नकोस."

"ओरडणार!"

"ओरड," भाऊ म्हणाला. "पण सही माझी आहे ना? मग मला विचार करू दे."

असं तो तिच्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोलला होता. ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली. घासलेली होती ती.

सकाळी भाऊ एकटाच साहेबांकडे गेला. दिलगिरीची ओळ त्याने आडवी रेघ मारून खोडली होती आणि खाली आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: दांडा माझ्या हातून तुटला. तो उलट आहे हे कचेरीला माहीत होतं, मला सांगितलं नाही. त्याखाली सही, त्याखाली तारीख.

साहेब म्हणाले, "असं नसतं लिहायचं. नवीन कागद देतो."

भाऊ नेहमीसारखा हळू म्हणाला, "दिला तरी मला एवढंच लिहिता येतं, साहेब." आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. त्या दिवशी बसला, दुसऱ्या दिवशी बसला. तिसऱ्या दिवशी त्याच्या दोन्ही बाजूंना सुट्टी टाकून आलेले चावीवाले बसले होते, आणि मीटरचा मिस्त्री जेवणाचा डबा घेऊन. बाक लहान पडायला लागलं. नवव्या दिवशी आदेश निघाला: निलंबन रद्द, चौकशी पुढील सूचनेपर्यंत तहकूब. दोषी कोण, याबद्दल आदेशात अवाक्षर नव्हतं. ॲपमध्ये उलट हा शब्द यायला आणखी तीन महिने गेले. तोवर तीनशे बारा क्रमांकांची यादी तिने हाताने लिहून प्रत्येक चावीवाल्याला दिली आणि सही घेतली.

वर्तमानपत्राने मात्र दुरुस्ती छापली नाही. ते म्हणाले, कचेरीने लेखी कळवलं तर छापू. कचेरी म्हणाली, चौकशी तहकूब असल्याने कळवता येत नाही. भाऊ म्हणतो, जाऊ दे ताई, लोक विसरले. दवाखान्यातली माणसं अजून त्याला चौकात बघून एकमेकांना कोपर मारतात, ते तो सांगत नाही, भावजय सांगते.

म्हणून ती दर महिन्याच्या एक तारखेला अर्ज देते. तहकूब चौकशी पुरी करावी, परिशिष्टाला मान्यता कोणत्या आधारावर दिली ते कळवावं, आणि वर्तमानपत्राला पत्र द्यावं. आतापर्यंत अकरा अर्ज झाले. पालथ्या घड्यावर पाणी, असं मिस्त्री म्हणतो. साहेबांची बदली झाली, नवे आले. त्यांनी परवा तिला बोलावून अगदी गोड आवाजात विचारलं, "बाई, तुमची निवृत्ती दीड वर्षावर आली. आता हा राग कशाला?"

"दीड वर्षात अठरा महिने असतात," ती म्हणाली, आणि बाराव्या अर्जाची पोच मागितली.